कोकणात लाटांची टेस्ट साइट हवी, वीज नंतर बघू

शिणाणे, म्हणजे समुद्रातल्या खडकाला (खडपाला) चिकटून बसणारे शिंपले, कधी खडपावरून हाताने काढून बघितलेत का? ओहोटीला खडप उघडं पडलं की लहानपणी आम्ही आजीबरोबर जायचो, तिच्या हातात कोयती असायची आणि माझ्या हातात काहीच नसायचं, म्हणून मी बोटांनीच ओढायचे. शिणाणं हलतं, जरासं वर उचललं जातं, सोडलं की परत जागच्या जागी, पण सुटत म्हणून नाही. खाली बारीक तपकिरी दोऱ्यांचा झुपका असतो, घरी साफ करताना आपण ओढून टाकतो ना, तोच. पुष्कळ वर्षांनी वाचलं की यातला प्रत्येक दोरा प्राण्याच्या बाजूला रबरासारखा ताणला जातो आणि दगडाच्या बाजूला कडक असतो, टोकाला ओल्या दगडालाही धरून ठेवणारी बारकी चकती असते, आणि एखादा दोरा तुटलाच तर प्राणी नवीन दोरा सोडतो. म्हणजे आख्खा पावसाळा त्या खडपावर लाटा आपटत असतात आणि हे बोटभर जनावर तिथेच बसलेलं असतं, लाटेशी भांडत नाही, थोडं ढिलं सोडतं आणि थोडं धरून ठेवतं.

हे आठवायचं कारण असं की निसर्गाकडून शिकून लाटांपासून वीज करणाऱ्या मशीनचे व्हिडिओ सारखे फिरत असतात, सापासारखी, समुद्रातल्या गवतासारखी, हृदयासारखी, आणि खाली लोक लिहितात की आपल्याला एवढा समुद्र दिलाय देवाने, कोकणात अशी दहा मशीन टाका, विजेचा प्रश्न मिटला. दुसरी पार्टी लगेच म्हणते की हे सगळं फेल गेलेलं आहे, सोलर स्वस्त आहे, उगाच पैसे घालवू नका. मला दोघांचंही पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि जरा सविस्तर सांगते, कारण यात पब्लिकचा पैसा आहे आणि आपला किनारा आहे.

आधी त्या सापाची गोष्ट, कारण ती पूर्ण कुणी सांगत नाही.

पेलामिस हे पिवळ्या पोटाच्या समुद्री सापाचं शास्त्रीय नाव होतं, हा साप आपल्या अरबी समुद्रातही असतो. स्कॉटलंडमध्ये १९९८ मध्ये एक कंपनी निघाली आणि तिने त्या नावाचं मशीन केलं. पहिल्या पूर्ण आकाराच्या मशीनची लांबी १२० मीटर, जाडी साडेतीन मीटर, लालभडक रंग, स्टीलचे लांब लांब नळकांडे सांध्यांनी एकमेकांना जोडलेले. लाट खालून गेली की सांधे वरखाली आणि आडवे वाकतात, सांध्यात हायड्रॉलिक पिस्टन असतात, ते तेल दाबून टाकीत भरतात, त्या दाबावर मोटर फिरते आणि जनरेटर चालतो. ताकद ७५० किलोवॅट. २००४ मध्ये ऑर्कनी बेटांजवळ या मशीनने खोल समुद्रातून थेट ग्रिडला वीज दिली, असं करणारं जगातलं पहिलं तरंगतं लाट-मशीन तेच. मग २००८ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगालला अगुसादोरा गावासमोर अशी तीन मशीन लावली, एकूण सव्वादोन मेगावॅट, जगातलं पहिलं वेव्ह फार्म म्हणून मोठा गाजावाजा झाला. दोन-एक महिन्यांत तिन्ही मशीन ओढून परत बंदरात आणली. सांध्यांच्या बेअरिंगमध्ये गडबड निघाली होती आणि नेमकी त्याच वेळी जागतिक मंदीत पैसे लावणारी मोठी ऑस्ट्रेलियन कंपनी बुडायला लागली, मग दुरुस्त करून परत टाकायला कुणी उरलंच नाही. स्कॉटलंडमध्ये पुढचं मॉडेल आलं, १८० मीटरचं, पण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने हात टेकले.

आता यावरून लाटांची वीज म्हणजे फसवणूक असं म्हणणारे म्हणतात, पण नीट बघा काय फेल झालं. सापाची आयडिया फेल झाली नाही. लाटेकडे तोंड करून लांबलचक पडायचं, म्हणजे लाटेला आपटायला समोर अगदी थोडीच जागा मिळते, आणि फार मोठी लाट आली तर तिच्यात घुसून पलीकडे निघायचं, ही आयडिया वादळात चालली, मशीन समुद्रात मोडून पडलं नाही. फेल झालं ते बेअरिंग आणि फेल झाला तो पैशाचा धीर. बेअरिंगची गडबड ही कुठल्याही नव्या मशीनला होतेच, पहिल्या बसला झाली असेल, पहिल्या पंपाला झाली असेल. एक सांधा पाच वर्षं समुद्रात ठेवून त्याचं काय होतं ते बघायच्या आधी मेगावॅट जाहीर झाले, आणि जाहीर झालेले मेगावॅट मिळाले नाहीत की माणसं लगेच पाठ फिरवतात.

याच्याही आधी हेच झालेलं. १९७३ ला तेलाचे भाव भडकले तेव्हा एडिंबरो विद्यापीठात स्टीफन सॉल्टर यांनी बदकासारखं डुलणारं एक तरंगतं यंत्र केलं, १९७४ मध्ये त्यावर पेपर आला, लॅबच्या टाकीतल्या नियमित लाटांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा ते खेचून घ्यायचं. ब्रिटिश सरकारने थेट प्रचंड मोठ्या वीजकेंद्राच्या हिशोबाने ते मोजलं आणि १९८२ मध्ये तो कार्यक्रम जवळपास गुंडाळला. सॉल्टर २०२४ मध्ये गेले. पेलामिसवाले लोक त्यांच्याच एडिंबरोच्या परंपरेतले, म्हणजे एकाच शहरात दोनदा तीच चूक झाली आणि दोन्ही वेळा इंजिनिअर कमी पडले नव्हते.

आता निसर्गाची नक्कल या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. ऑस्ट्रेलियात बायोवेव्ह नावाचं एक मशीन होतं, समुद्राच्या तळाला रोवलेलं, केल्प नावाच्या मोठ्या समुद्री शेवाळासारखं लाटेबरोबर मागेपुढे डोलणारं, २५० किलोवॅटचं. २०१५ च्या शेवटी व्हिक्टोरिया राज्यात पोर्ट फेअरीजवळ ते बसवलं. वादळ आलं की ते तळावर आडवं झोपायचं, अशी रचना होती. वाचायला फार सुंदर वाटतं, आपल्याला लव्हाळ्याची गोष्ट लहानपणापासून माहीत आहे त्यामुळे लगेच पटतंही. पण ते चाचणीच्या पुढे, विकण्यापर्यंत गेलं नाही. आणि मला वाटतं इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे की शेवाळ वाकतं ते लाटेची ऊर्जा घेण्यासाठी वाकत नाही, न घेण्यासाठी वाकतं! त्याला लाटेकडून काहीच नकोय, त्याला फक्त तुटायचं नाहीये. शिणाण्याचंही तेच. जीव टिकतात कारण ते लाटेला जाऊ देतात, आणि मशीनने मात्र लाट अडवून तिच्यातलं काहीतरी काढून घ्यायचंय. म्हणजे जो गुण आपण उसना घेतोय तो आपल्या कामाच्या बरोबर उलटा आहे. नुसता आकार उचलला तर ते मशीन टिकेल पण वीज देणार नाही, किंवा वीज देईल पण टिकणार नाही.

मग उपाय काय, तर एकाच मशीनला दोन स्वभाव पाहिजेत, रोजच्या लाटेत घट्ट धरून घ्यायचं आणि वादळात सोडून द्यायचं. हे मला आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, न विचारता सांगितलं होतं, विषय मशीनचा नव्हताच, होडी नांगरावर असताना वारा वाढला तर काय करतात एवढंच मी विचारलेलं. ते म्हणाले, दोर सोडायचा, अजून सोडायचा, आखूड ठेवलास तर तुटेल नाहीतर नांगर उपटेल, लांब सोडलास तर होडी आपली आपण लाटेवर चढते उतरते. आणि वारा पडला की परत ओढून घ्यायचा.

स्वीडनची कॉरपॉवर ओशन नावाची कंपनी हेच करते असं मला वाटतं, आणि तिची प्रेरणा कुठला मासा किंवा साप नाही, माणसाचं हृदय आहे. स्टिग लुंडबॅक नावाचे हृदयाचे डॉक्टर, हृदय कसं पंप करतं यावर त्यांचं काम, त्यातून ही कल्पना आली. हृदय एका बाजूने जोर लावतं आणि परतीच्या हालचालीला साठवलेला दाब कामी येतो. या मशीनमध्ये पिवळा तरंगता बोया तळाशी बांधलेला असतो, लाट त्याला वर उचलते आणि आत भरलेल्या हवेचा दाब त्याला खाली ओढतो, त्यामुळे वर जातानाही वीज आणि खाली येतानाही वीज. दुसरी करामत म्हणजे टायमिंग. झोपाळ्यावरच्या पोराला बरोबर वेळेला हलकासा धक्का दिला तर झोका उंच जातो आणि चुकीच्या वेळेला दिला तर आपल्याच हाताला मार बसतो, तसं हे मशीन नेहमीच्या लाटेत स्वतःचा ताल लाटेशी जुळवून घेतं आणि छोट्या लाटेतही मोठी हालचाल करतं. वादळात तोच ताल मुद्दाम बिघडवतं, म्हणजे लाट जाते आणि बोया जवळपास नुसता तरंगतो. २०२३ मध्ये यांचं ३०० किलोवॅटचं मशीन समुद्रात उतरलं, आणि कुठे, तर त्याच अगुसादोरासमोर जिथून साप ओढून परत नेले होते. त्याच नोव्हेंबरमध्ये वादळात साडेअठरा मीटरपर्यंतच्या लाटा आल्या, मशीन शाबूत राहिलं. साडेअठरा मीटर म्हणजे सहा मजली बिल्डिंग. २००८ ते २०२३, पंधरा वर्षं लागली.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात उशिरा झाली असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. आयआयटी मद्रासच्या लोकांनी १९८० च्या दशकातच काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये केरळात विळिंजमला १५० किलोवॅटचं लाट-वीजकेंद्र उभं राहिलं, त्या काळात जगात अशी मोजकीच होती. काँक्रीटची मोठी पोकळ पेटी, खालून उघडी, लाट आत आली की आतली हवा वरच्या भोकातून जोरात बाहेर जाते, लाट उतरली की हवा आत ओढली जाते, अगदी छातीच्या भात्यासारखं, आणि वर असा टर्बाइन की हवा कुठूनही आली तरी एकाच दिशेने फिरतो. किनाऱ्यावरच्या दगडी कपारीत लाट घुसते आणि वरच्या फटीतून फुस्स करून तुषार उडतात, तेच तत्त्व. पुढे तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचाही प्रयोग झाला आणि मग ते सगळं थांबलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच आयआयटी मद्रासने तुतिकोरीनजवळ, किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर, सिंधुजा नावाचं मशीन टाकून बघितलं, १०० वॅटचं. लोक हसले, म्हणाले ३१ वर्षांत १५० किलोवॅटवरून १०० वॅटवर आलो. मला हसू येत नाही, मला ते १०० वॅट जास्त प्रामाणिक वाटतात. पण दोन प्रयोगांमध्ये एवढी वर्षं गेली याचं मात्र वाईट वाटतं, कारण विळिंजमच्या खाऱ्या हवेत काय गंजलं, काय टिकलं, हे हाताने शिकलेली माणसं आता रिटायर झाली असणार.

आता कोकण. इथे मी आपल्याच लोकांना न आवडणारं बोलणार आहे.

लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. जानेवारीत अर्ध्या मीटरची लाट आणि जुलैत तीन मीटरची, उंची सहापट पण ताकद छत्तीसपट, लाटांमधलं अंतरही वाढतं ते धरलं तर आणखी जास्त. स्कॉटलंड-पोर्तुगालला उन्हाळ्यात समुद्र नरम असतो तरी लांबून येणाऱ्या लाटा वर्षभर बऱ्यापैकी चालू असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला आणि मग आठ महिने त्या मानाने शांत. म्हणजे जुलैच्या हिशोबाने मशीन बांधलं तर ते आठ महिने जवळपास बसून, आणि जानेवारीच्या हिशोबाने बांधलं तर जुलै त्याला खाऊन टाकेल.

बरं, त्या चार महिन्यांतली वीज कुठे वापरणार? बंदरातल्या बर्फाच्या फॅक्टरीला? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, बर्फ मागायला कोणी नाही. पाणी गोडं करायला? कोकणात पाण्याचे हाल एप्रिल-मेमध्ये होतात, जुलैमध्ये छपरावरून धो धो वाहत असतं. पावसाळ्यात सोलर कमी पडतं म्हणून ग्रिडला? तेव्हा पवनचक्क्यांना वारा भरपूर असतो आणि धरणंही भरत असतात. मी बरंच डोकं खाजवलं पण आज कोकणातल्या माणसाला लाटेच्या विजेची गरज आहे असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. देशात सुमारे ४० हजार मेगावॅट लाटांमध्ये आहेत असा अंदाज सरकारी कागदांत असतो, तो आकडा म्हणजे समुद्रात किती आहे याचा अंदाज, बाहेर किती काढता येईल याचा नाही, आणि भाषणात मात्र तो दुसऱ्या अर्थाने येतो.

मग सोडून द्यायचं का? अजिबात नाही! कारण जी गोष्ट वीजकेंद्रासाठी वाईट तीच टेस्टिंगसाठी फार चांगली आहे. जगात अशा जागा किती आहेत जिथे चार महिने मशीनची पुरती परीक्षा होते आणि मग आठ महिने समुद्र इतका शांत की साध्या होडीने जाऊन नट खोलता येतो, डायव्हर खाली उतरवता येतो, मशीन ओढून आणून परत टाकता येतं? ऑर्कनीला बोट बाहेर काढायला चांगला दिवस मिळायची वाट बघावी लागते, आपल्याकडे नोव्हेंबर ते मे सगळं मोकळं. शिवाय आपलं पाणी गरम, त्यावर जीव भराभर बसतात, स्कॉटलंडमध्ये टिकलेला रंग आणि सील आपल्याकडे टिकेलच असं नाही. लक्षद्वीप, अंदमान, जिथे बेटांवर डिझेल बोटीने आणून वीज करतात, तिथे खरी गरज आहे आणि तिथल्यासाठी मशीन आधी कुठेतरी मार खाऊन तयार व्हायला पाहिजे. ते कुठेतरी म्हणजे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग का नाही?

ऑर्कनीला २००३ पासून युरोपियन मरीन एनर्जी सेंटर आहे. ते स्वतः मशीन बनवत नाहीत. समुद्रात जागा ठरवलेली, केबल टाकलेली, परवानग्या आधीच काढलेल्या, लाटा मोजणारे बोये लावलेले, आणि जगभरातून कोणीही आपलं मशीन घेऊन यायचं, लावायचं, शिकायचं आणि घेऊन जायचं. पेलामिस तिथेच होता. कंपन्या बुडाल्या पण सेंटर राहिलं, वेल्डिंग करणारे राहिले, बोटवाले राहिले, समुद्राच्या तळाची माहिती राहिली. आणि पेलामिस बुडाल्यावर स्कॉटलंडच्या सरकारने वेव्ह एनर्जी स्कॉटलंड नावाची संस्था काढली, बुडालेल्या कंपनीचं ज्ञान विकत घेऊन ठेवलं, आणि मग एकालाच मोठा चेक द्यायच्या ऐवजी पुष्कळ जणांना थोडे थोडे पैसे, त्यातले चांगले निघतील त्यांना पुढचा टप्पा, अशी पद्धत लावली. हे आपल्याला जमणार नाही असं काही यात नाहीये. माणसं आहेत, पुण्याला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं बंदरांची आणि ब्रेकवॉटरची (लाटा अडवणाऱ्या भिंतींची) मॉडेल लाटांच्या टाकीत तपासतात, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने समुद्राच्या ऊर्जेला अक्षय ऊर्जेत धरायचं स्पष्ट केलंय. २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम आणि इको वेव्ह पॉवर ही लाटांपासून वीज करणारी इस्रायली कंपनी यांच्यात मुंबईत १०० किलोवॅटचा पायलट करायचा करार झाला, बंदराच्या भिंतीला जोडलेले तरंगते फ्लोटर, मोठी लाट आली की ते पाण्याबाहेर उचलून घेतात. चांगलं आहे, होऊ दे, फक्त पावसाळ्यातले किती दिवस ते फ्लोटर वर उचलून ठेवावे लागले ते सगळ्यांना कळू दे.

एक गोष्ट तर फार खर्च न करता होऊ शकते. आपण किनाऱ्यावर बंधारे आणि ब्रेकवॉटर बांधतच असतो, त्यावर कोट्यवधी रुपये जातच असतात, लाट अडवायला. स्पेनच्या बास्क भागात मुत्रिकु गावात बंदराची भिंत बांधतानाच तिच्यात १६ पोकळ कप्पे ठेवले, विळिंजमच्या पेटीसारखेच, आणि २०११ पासून तिथे वीज होतेय, जवळपास ३०० किलोवॅट क्षमतेचं केंद्र. भिंत तशीही बांधायचीच होती. आपल्याकडे नवीन भिंत होईल तिथे एक-दोन कप्पे ठेवून बघायला काय हरकत आहे, वीज किती झाली हे दुय्यम, दहा पावसाळ्यांत टर्बाइनचं काय झालं ते कळेल.

आणि मच्छीमारांना शेवटी विचारायचं नाही, पहिल्यांदा विचारायचं. जैतापूर, नाणार बघितलेल्या कोकणात परत कुणी नकाशावर चौकोन काढून आणला तर लोक उभं करणार नाहीत आणि त्यांचं चूक नसेल. समुद्रात रिकामी जागा नसते, नकाशावर निळी दिसते म्हणून ती रिकामी नाही, तिथे कुणाचं जाळं लागतं, कुणाचा रस्ता असतो, कुठे खडप आहे हे कागदावर नसतं पण तांडेलाला पाठ असतं. जागा निवडायच्या कमिटीत ती माणसं मत द्यायला बसली पाहिजेत, नुसती चहाला बोलवायची नाहीत. मशीन ओढणं, नांगर टाकणं, राखण ही कामं स्थानिक बोटींना आणि आयटीआय झालेल्या इथल्या मुलांना मिळतील असं आधी लिहून पाहिजे. आणि मोजणाऱ्या बोयांचा लाटांचा डेटा रोज मोबाइलवर मराठीत त्यांना मिळाला पाहिजे, त्याचा उपयोग तर पहिल्या दिवसापासून आहे, १ ऑगस्टला बोट बाहेर काढायची की अजून दोन दिवस थांबायचं हे ठरवायला.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी मशीनसुद्धा नको. नुसते दोर टाका, वेगवेगळ्या जातीचे, नायलॉनचे, साखळीचे, शिणाण्याच्या दोऱ्यासारखे एका टोकाला ताणणारे, सोबत वेगवेगळ्या रंगाच्या आणि धातूच्या पट्ट्या, एक मोजणारा बोया, आणि आख्खा पावसाळा त्यांना तिथे राहू दे. ऑक्टोबरमध्ये सगळं वर काढून किनाऱ्यावर पसरायचं, कुठला दोर कुठे कापला गेला, कुठल्या पट्टीवर किती किलो जीव बसले ते मोजायचं आणि आहे तसं जाहीर करायचं. ते खरवडायला आमच्याकडच्या बाया येतील, कोयत्या घेऊन.